जुन्या पिस्तुलाची रास्त किंमत

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेतील माझा विषय वाचून काही वहिनींनी आमच्या सौभाग्यवतींना विचारले म्हणे, "भाऊंना बाप्पासमोर बोलायला दुसरे काही सुचले नाही का?" प्रश्न रास्तच आहे. पण आपला बाप्पासुद्धा हातात पाश आणि अंकुश घेऊन बसला आहे, आणि खंडेनवमीला आपण घरातले शस्त्र काय आणि पान्हे-हातोड्या काय, सारख्याच भक्तिभावाने पुजतो. शिवाय माझा विषय गोळी झाडण्याचा नाही. एखाद्या जुन्या वस्तूची रास्त किंमत कशी ठरवावी, एवढाच आहे. उदाहरण तेवढे पिस्तुलाचे आहे.

माझी नोकरी रेल मिलच्या तपासणी विभागात गेली. तिथे एक शिस्त होती. रूळ नाकारायचा तर कारण लिहावे लागे. "मला बरा वाटत नाही" हे कारण चालत नसे. दोष कुठे, किती, कशावरून, हे कागदावर आले पाहिजे. सुटीच्या दिवशी नेमबाजीचा नाद होता, त्यामुळे लक्ष्यवेधाची जुनी पिस्तुले बरीच हाताळली. या दोन्ही गोष्टींचा उपयोग काही वर्षांपूर्वी एका घरासाठी झाला.

आपल्यातलेच एक ज्येष्ठ इंजिनिअर वारले. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे एक रशियन लक्ष्यवेधी पिस्तूल होते, पॉइंट टू-टू बोअरचे. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. आता कायदा असा आहे की परवानाधारक गेला की वारसांना ते शस्त्र तसेच घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मिळाला तर ते परत घेता येते, नाहीतर ज्याच्याकडे परवाना आहे अशाला विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत यातले काहीच झाले नाही, तर शस्त्र सरकारजमा होते.

वहिनींनी शस्त्र वेळेवर जमा केले. मग सल्लागार सुरू झाले. एक मध्यस्थ म्हणाला, "परवाना संपला, म्हणजे हे आता भंगार. मुदत टळण्याआधी मिळेल ते घ्या." दुसरीकडे पुण्याच्या पुतण्याने सांगितले, "काकू, हे अँटिक आहे, परदेशात लिलावात लाखो मिळतात." मध्यस्थाचा आकडा एक धरला, तर पुतण्याचा नऊ होता. खरे आकडे घरचा मामला आहे, म्हणून ते सांगत नाही. वहिनींना त्या पैशातून घराचे काम करायचे होते, त्यामुळे एक आणि नऊ यांतला फरक त्यांच्या दृष्टीने फार मोठा होता. त्यांनी मला बोलावले.

मी म्हटले, आधी वस्तू काय आहे ते पाहू. विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या समक्ष, मी ते पिस्तूल पाहिले. ते मार्गोलिन होते. हे नाव इथे सांगण्याजोगे आहे. मिखाईल मार्गोलिन या सोव्हिएत रचनाकाराची दृष्टी तरुणपणीच डोक्याला झालेल्या जखमेने गेली होती. माती, मेण आणि लाकूड यांचे नमुने हाताने चाचपत त्याने हे पिस्तूल रचले. नेमबाजाच्या डोळ्यासाठी बनवलेले हत्यार, आणि बनवणारा अंध! याची मागची साईट सरकत्या स्लाइडवर नसून फ्रेमला जोडलेल्या एका पुलावर बसवलेली असते. त्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर ती हलत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून ज्या गावाचा कारखाना उभा राहिला, त्या भिलाईत असे पिस्तूल आपुलकीने पाहिले जाणारच.

पण आपुलकी वेगळी आणि किंमत वेगळी. मार्गोलिन मोठ्या संख्येने बनले. अमेरिकेत ते काही शे डॉलरांत मिळत आले आहे. म्हणजे 'लिलावात लाखो' ही गोष्ट निकालात निघाली. आणि 'अँटिक' म्हणाल, तर आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूला निदान शंभर वर्षे व्हावी लागतात. शस्त्र कायद्यातून सूट मिळते ती जुन्या धाटणीच्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला. चालू स्थितीतले टू-टू पिस्तूल कितीही जुने दिसले तरी परवान्याचेच असते.

मग भारतात त्याला जास्त पैसे का मिळतात? कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांना सवलत आहे, इतरांना देशात आधीच असलेल्या शस्त्रांतूनच निवडावे लागते. म्हणजे किमतीचा एक मोठा भाग पोलादाचा नसून टंचाईचा असतो. हा भाग नियमाने वाढतो आणि नियमानेच घटतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करायचे होते. ज्याला मुदतीत विकायचे आहे, त्याचा हात नेहमीच दगडाखाली असतो. मध्यस्थ वहिनींना जो आकडा सांगत होता, तो पिस्तुलाचा नव्हता, त्यांच्या अडचणीचा होता.

ऐकीव आकड्यांचे एक ताजे उदाहरण देतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळवल्यावर तिचे पिस्तूल एक कोटीचे असल्याची आवई उठली. शेवटी तिनेच सांगितले की ते साधारण दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजारांचे आहे. ऑलिम्पिक पदक जिंकून देणाऱ्या आजच्या हत्याराची ही गोष्ट! म्हणून मी विक्रेत्याला आणि क्लबातल्या मित्रांना एकच विचारले: मागितलेले भाव नकोत, अशा पिस्तुलाचे प्रत्यक्ष पैसे हातात पडले असे व्यवहार सांगा. तीन मिळाले. त्यांची सरासरी हा माझा पाया. त्याला शंभर धरले आणि मग बेरीज-वजाबाकीला बसलो. दर वेळी कारण लिहून.

पहिली तपासणी नळीची. टू-टूच्या मऊ शिशाच्या गोळीने नळी फार सावकाश झिजते. ती बिघडते गंजाने, आणि तोंडाकडून निष्काळजीपणे सळई घालून साफ केल्याने. आमची नळी स्वच्छ होती, तोंडाशी मात्र किंचित घासलेली. पाच वजा. दुसरी तपासणी चेंबरच्या कडेची. रिकामे पिस्तूल वारंवार चालवले की टू-टूमध्ये फायरिंग पिन त्या कडेवर आपटून खळगा पडतो. इथे कड शाबूत होती. तिसरी, फ्रेमवरचे आणि स्लाइडवरचे क्रमांक. ते जुळत होते. जुळले नसते तर संग्राहकाने पाठ फिरवली असती.

चौथी तपासणी पृष्ठभागाची. इथे हौशी माणूस हमखास फसतो. चकचकीत दिसले की त्याला चांगले वाटते. पण नव्याने पॉलिश केलेल्या पिस्तुलाच्या कडा गोलावतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत पडते. आमच्या पिस्तुलाचा मूळचा निळसर काळा मुलामा हाताच्या ठिकाणी विटला होता. तो तसाच बरा. एक स्क्रू मात्र चुकीच्या पेचकसाने चावलेला होता, दोन वजा. पाचवी, चाप. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत चापाचा भार किमान एक हजार ग्रॅम असावा लागतो. वजन टांगून पाहिले, बरोबर उतरला.

सहावी गोष्ट मुठीची. दादांनी अक्रोडाच्या लाकडाची मूठ स्वतःच्या पंजाप्रमाणे कोरून घेतली होती. त्यांच्या हाताला ती सोन्यासारखी, दुसऱ्याला निरुपयोगी. मूळ मूठ नाही म्हणून मी पंधरा वजा लिहिले. वहिनी म्हणाल्या, "थांबा भाऊ, माळ्यावर एक ट्रंक आहे." ट्रंकेत मूळ मूठ निघाली, दुसरे मॅगझिन निघाले, दुकानाची खरेदीची पावती आणि तारखांनिशी लिहिलेली स्पर्धांची गुणपत्रकेही निघाली. पंधरा वजा खोडले आणि कागदपत्रांसाठी वीस अधिक लिहिले.

कागदाला एवढे मोल कशाला, असे कोणी विचारील. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज लिलावात पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार निघाली. हेच नागपूरकर भोसले, ज्यांची सत्ता पुढे आपल्या या छत्तीसगडावरही होती. लिलावाचा अंदाज सहा ते आठ हजार पौंडांचा होता. गेली ३८,१०० पौंडांना. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली, सगळ्या खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपये पडले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय घडणीचे, तशी पाती आणखीही असतील. पण या पात्यावर देवनागरीत रघुजींचे नाव कोरलेले आहे. मोल त्या ओळीचे आहे. आपल्या घरच्या वस्तूवर इतिहास कोरलेला नसतो, पण पावती आणि चार तारखा तरी असू शकतात. नुसते "हे फार जुने आहे हो" म्हटल्याने एक रुपयाही वाढत नाही.

बेरीज झाली एकशे तेरा. मध्यस्थाच्या आकड्याच्या सुमारे तिप्पट, आणि पुतण्याच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. वहिनींना क्षणभर वाईट वाटले, कारण मनात नऊ घर करून बसले होते. पण कागद दोनदा वाचून त्या म्हणाल्या, "आता निदान कोणी विचारले तर मला सांगता येईल, का म्हणून."

दोन गिऱ्हाइके आली. एकाने कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त देऊ केले, पण म्हणाला, "पैसे आज घ्या, नोंदी मागाहून बघू." शस्त्र कायद्यात खासगी विक्रीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. ते सगळे त्याला नको होते. वहिनींनी त्याला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवले. म्हणाल्या, "ह्यांच्या नावाची वस्तू बिनकागदाची कुठे जाणार नाही." दुसरा होता रायपूरकडचा एक तरुण नेमबाज, परवानाधारक. त्याने माझा कागद वाचला, नळीचे तोंड स्वतः पाहिले आणि म्हणाला, "काका, इथे पाच नाही, आठ वजा करा." पुन्हा पाहिले, घासाघीस झाली, सात वजा ठरले. सगळे सोपस्कार पार पडून व्यवहार झाला. गुणपत्रके वहिनींनी त्यालाच दिली. दादांच्या हाताची मूठ मात्र ठेवून घेतली. तिला कोणी किंमत लावलीच नव्हती.

बंधुभगिनींनो, माझ्या मते रास्त किंमत ती, जिच्यातल्या प्रत्येक रुपयाचे कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही एकमेकांसमोर सांगता येते. विकणाऱ्याची अडचण हे कारण नव्हे, आणि त्याचे स्वप्न हेही कारण नव्हे. आपण बहुतेक मंडळी नोकरीनिमित्त इथे आलो, क्वार्टरांतून संसार केले, आणि बऱ्याच घरांत जुना कॅमेरा, घड्याळ, पेटी, तंबोरा असे काहीतरी मागे उरणार आहे. एक विनंती करतो. या उत्सवाची गडबड संपली की एक वही घ्या. वस्तू कोणती, कधी, कुठून, कितीला घेतली आणि दुरुस्ती काय केली ते लिहा, पावती त्यातच चिकटवा. आणि शस्त्र असेल तर परवाना कुणाच्या नावे आहे, आपल्यामागे काय करायचे, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. पुढे त्यांच्या दारात एक म्हणणारा आणि नऊ म्हणणारा असे दोघेही येतील. त्या वेळी ती वही तुमच्या वतीने बोलेल.

 गणपती बाप्पा मोरया!