तारपा वाजवायचा तर रान राहिलं पाहिजे
(जूचंद्र इथल्या पाड्यांच्या बैठकीत संघटनेच्या तरुण गटाने केलेलं भाषण)

वर्षभर आम्ही गाणं-वाजवणं शिकलो, त्याचा हिशोब द्यायला उभे आहोत. मागच्या बैठकीत एका बाबांनी सरळ विचारलं होतं, "दावे तालुक्याला पडून आहेत आणि तुम्ही तारपे काय फुंकत बसलात?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज उत्तरही दाव्यांपर्यंत नेऊनच देतो.

आमच्या शाळेला इमारत नाही, घंटा नाही. वर्ष आपल्या कामाप्रमाणेच चाललं. पावसात आवणी असते, तेव्हा आम्ही आज्यांच्या मागे चिखलात उतरून आवणीची गाणी शिकलो. भात पिकायला लागलं तेव्हा तारपा हातात आला, तो दिवाळी-वाघबारशीपर्यंत. उन्हाळ्यात लग्नं लागली तेव्हा पोरी धवलेऱ्यांच्या शेजारी बसल्या. ज्या दिवसांत जे गायचं तेच शिकायचं, ही अट आमच्या तारपकरी बाबांनी पहिल्याच दिवशी घातली.

तारपा शिकायचा म्हणजे आधी तारपा बनवायचा. पावसाच्या सुरुवातीला कुडाशेजारी दुधीचं बी लावलं. फळ वेलावरच जून होऊ दिलं, मग वाळवलं, आतला गर आणि बिया काढल्या. रानातून बारीक बांबू आणला, त्याच्या दोन नळ्या केल्या, भोकं पाडली, आत जिभल्या बसवल्या. ताडाच्या पानांचा कर्णा वळला. हे सगळं सांधायला मधाच्या पोळ्याचं मेण. वाजवताना श्वास तोडायचा नाही. गालात वारा धरून नाकाने आत घ्यायचा. बाबांनी आम्हाला वाटीभर पाणी आणि पपईचा देठ दिला आणि सांगितलं, बुडबुडे थांबले नाही पाहिजेत. महिना दीड महिना नुसते बुडबुडेच काढले. आज आमच्यातली चार पोरं नाच संपेपर्यंत तारपा धरू शकतात. बाकीची अजून दमतात.

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. तारप्यात काय काय आहे ते बोटावर मोजा. दुधी आपल्या वाडीतला. बांबू रानातला. मेण रानातलं. ताड ओहोळाकाठचा किंवा बांधावरचा. यातली एक वस्तू दुकानात आणायला जावी लागली तर तारपा गेला असं समजा. गेल्या वर्षी बांबूच्या चार काठ्या आणताना आमच्या दोन पोरांना वाटेत अडवलं, काठ्या ठेवून घेतल्या आणि वर दम दिला. पोरं घाबरून परत आली.

त्या रात्री आम्ही वनहक्क कायदा काढून वाचला. २००६ चा कायदा आहे. त्यात गौण वनउपज म्हणजे काय ते लिहिलेलं आहे, आणि त्या यादीत बांबूचं नाव आहे, मधाचं आहे, मेणाचंही आहे. ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क गावाने परंपरेने वापरला असेल तर तो त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये येतो. म्हणजे तारप्याचं निम्मं सामान कायद्यात नावानिशी बसलेलं आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. आपण सगळ्यांनी घरटी शेताचा दावा भरला. गावाचा सामूहिक दावा किती पाड्यांनी भरला? हात वर करा म्हटलं तर थोडेच होतील. पोरांच्या हातातल्या काठ्या गेल्या त्या या कारणाने.

दुसरी गोष्ट. आवणीची गाणी उतरवून घेताना आज्या नुसती गाणी सांगत नव्हत्या. हे गाणं कुठल्या आवणात म्हणायचो, तिथं पाणी कुठल्या झऱ्याचं यायचं, त्या वाटेवर वाघदेव कुठे, गावदेव कुठे, जुनं मसण कुठे, असं सगळं सांगत गेल्या. आमच्या दोन वह्या भरल्या. गाण्यांच्या वहीत आपल्या रानाचा नकाशाच निघाला.

याचा उपयोग काय? कायद्याचे नियम २००८ साली आले. त्यातला नियम १३ पुराव्यांचा आहे. सरकारी कागद हा एक पुरावा. पण बांध, सपाट केलेली जमीन, घर, झोपडी हाही पुरावा. जुनी विहीर, मसण, देवाची जागा हाही पुरावा. आणि दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आण असा हट्ट समितीने धरायचा नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे, की गाणं सांगणाऱ्या प्रत्येक आजीचा जबाब वनहक्क समितीसमोर लिहून घ्यायचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कोण कसतंय हे तिच्याइतकं कुणाला माहीत? आज्या थकल्या आहेत. ज्यांच्याकडून आम्ही गाणी घेतली त्यातली एक आजी या होळीनंतर गेली. तिचा जबाब राहिला, गाणी तेवढी आली.

आता वाजवलं कुठे ते सांगतो. भात झोडून झाल्यावर तीन पाड्यांच्या खळ्यांवर वाजवलं. तारप्याला पाठ दाखवायची नाही, तो वळेल तसं वळायचं, हे लहान पोरांना तिथंच कळलं. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला मात्र तारपा नेला नाही. भर पावसात आवणीचे दिवस, तेव्हा तारप्याचा काळ नव्हे. तिथं पोरींनी आवणीची गाणी म्हटली. काही जण नाराज झाले, की पाहुणे आले आणि तारपा नाही. मग त्याच पावसाळ्यात एका मोठ्या हॉटेलवाल्याचा निरोप आला. दारात उभं राहून पाहुण्यांसमोर नाचा, पैसे देतो, कपडे आम्ही देतो. मजुरीच्या तीन दिवसांचे पैसे एका संध्याकाळी मिळणार होते. घरी चूल अडलेली असताना ही रक्कम लहान नसते, त्यामुळे चर्चा दोन रात्री चालली. शेवटी ठरलं, की जायचं नाही. पुढेही बोलावणं आलं तर काळ आपला, कपडे आपले, आणि नाचाआधी आपल्या जमिनीबद्दल दोन शब्द आपण बोलणार, ही अट. मान्य असेल त्याच्याकडे जाऊ.

आपल्या कलेचा मान होतो ते आम्हाला आवडतं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली जाहीर झाली. छाती भरून आली. पण तारपकऱ्याला सन्मान आणि त्याच्या नातवाने बांबू आणला तर दम, असं एकाच राज्यात चालू नये.

पोरींचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तारपा बाप्यांनीच वाजवायचा अशी रीत. आमच्यातल्या दोघी बुडबुडे काढण्यात पोरांच्या पुढे आहेत. बाबा म्हणतात, खळ्यावर नको. पोरी म्हणतात, मग आम्हाला शिकवलं कशाला? उलट, धवलेरीचं गाणं शिकायला एकही पोरगा बसत नाही, यावर कुणी बोलत नाही. हे पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून बोलायचं आहे.

लग्नाच्या गाण्यांवरून एक आठवण ठेवा. आपल्या पणज्यांच्या काळी लग्नाला सावकाराचं कर्ज घ्यायचं आणि नवरा-नवरी दोघांनी त्याच्याकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. मांडवात गाणी तीच, आणि मांडवाबाहेर वेठ उभी. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी ती वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड शहीद झाले. आज आपल्या मांडवात गाणं मोकळं आहे ते त्यांच्यामुळे. इथं जूचंद्र-कामणच्या बाजूला सावकाराच्या जागी जमिनीचा दलाल आला आहे. इमारती डोंगराला भिडल्या. तो लग्नाच्या खर्चालाच पैसे पुढे करतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. देऊ नका.

पुढच्या वर्षाचं काम असं. एक, प्रत्येक पाड्याने या पावसात निदान पाच कुडांवर दुधीचं बी लावायचं; बी आमच्याकडे आहे, आज घेऊन जा. दोन, दिवाळीच्या आत प्रत्येक पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आणि जागांची नावं लिहून व्हायला हवीत. लिहायला आम्ही येतो. तीन, सामूहिक दाव्याचा ठराव ग्रामसभेत घ्यायचा आणि दिल्याची पोच मागून घ्यायची. चार, दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. कागद घरात ठेवून दिवस घालवू नका, लगेच आमच्याकडे आणा.

भात पिकलं की खळ्यावर भेटू. तोवर वह्या आणि दावे दोन्ही पुढे गेलेले असायला हवेत.

कसेल त्याची जमीन! जोहार!