सोळा तारखेचा अर्थ

(संगमनेर येथील व्याख्यानाचा संक्षेप)



१ मे म्हटले की आपणांस महाराष्ट्र दिन आठवतो, कामगार दिन आठवतो. भारतीय सैन्याचे चिलखती दळही याच तारखेला आपला दिन पाळते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १ मे १९३८ रोजी सिंध हॉर्स या रेजिमेंटने घोडे सोडून रणगाडे व चिलखती मोटारी स्वीकारल्या. तोच हा दिवस.

संगमनेरला घोडदळ परके नाही. १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याची मोहीम आटोपून परतणाऱ्या शिवछत्रपतींना मोगली फौजेने याच परिसरात गाठले. सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्टागडावर सुखरूप नेले. त्या मुक्कामामुळे गडाचे नाव विश्रामगड झाले. घोड्यांचा वारसा आज रणगाडे चालवीत आहेत आणि त्यांची पाठशाळा आपल्याच जिल्ह्यात आहे. नगरला, आताच्या अहिल्यानगरला, १९४८ पासून चिलखती दळाचे केंद्र आहे. तेथील रणगाडा संग्रहालयात शाळांच्या सहली जातात, छायाचित्रे निघतात. परंतु या रणगाड्यांनी कोणत्या दिवशी काय केले, हे विचारल्यावाचून मुले परत येतात.

प्रत्येक रेजिमेंट आपल्या पराक्रमाचे दिवस निष्ठेने पाळते. त्यांतला एक दिवस १ नोव्हेंबर १९४८ चा. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला खिंडीत त्या दिवशी सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे पोहोचले आणि लडाखची वाट मोकळी झाली. इतक्या उंचीवर रणगाडा येईल, अशी शत्रूची कल्पनाही नव्हती. मात्र रणगाडे वर जाण्याआधी मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची अरुंद वाट रुंद केली होती. त्या तारखेवर त्यांचाही तितकाच हक्क आहे.

पुणे हॉर्सच्या दिनदर्शिकेत सोळा तारीख दोनदा येते. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर फिलोरा येथे जखमी झाले, तरी त्यांनी रणांगण सोडले नाही. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्यांच्या नेतृत्वाखाली रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले.

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात शत्रूने शस्त्रे खाली ठेवली. तो आपला विजय दिवस. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, बसंतर नदीपलीकडे जरपाल येथे, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होता. जन्म पुण्याचा, वय एकवीस, सैन्यातली नोकरी सहा महिन्यांची. युद्ध सुरू झाले तेव्हा तो नगरलाच प्रशिक्षण घेत होता. तेथूनच तो आघाडीवर गेला. त्याचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा पेटला. मागे फिरण्याची आज्ञा झाली. तोफ चालू आहे तोवर रणगाडा सोडणार नाही, असे कळवून तो लढत राहिला. २००१ मध्ये त्याचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपल्या जन्मभूमीच्या दर्शनास पाकिस्तानात गेले. ज्याच्या घरी ते उतरले, त्या पाकिस्तानी अधिकाऱ्यानेच त्यांना सांगितले, की अरुण आपल्या हातून पडला. तीस वर्षांनंतरही शत्रू ती तारीख विसरला नव्हता!

आणि १० ऑगस्ट? असल उत्तर येथे डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करणारे, बसंतरच्या लढाईनंतर दुसऱ्यांदा महावीरचक्राचे मानकरी ठरलेले, पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल अरुणकुमार वैद्य यांची १९८६ मध्ये याच दिवशी पुण्यात दहशतवाद्यांनी हत्या केली. महाराष्ट्राच्या या सुपुत्राची तिथी किती घरांत आठवली जाते?

शाळेच्या फळ्यावरचा दिनविशेष दुसऱ्या दिवशी पुसला जातो. तो मनावर उमटावा, तर तारखेबरोबर जागा हवी, माणूस हवा आणि त्याने केलेली निवड हवी. म्हणून प्रत्येक कुटुंबाने, प्रत्येक शाळेने वर्षातली एकच तारीख आपली मानावी. ती मुलांना नीट समजावून सांगावी. त्या दिवशी तालुक्यातील एखाद्या माजी सैनिकाच्या किंवा वीरपत्नीच्या घरी जाऊन बसावे. त्यांचे ऐकावे, त्यांची अडचण विचारावी. विजयाचा जल्लोष अवश्य व्हावा. पण देशाला विजय देणारी तारीख कुणाच्या तरी घरी श्राद्धाची असते, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे. ही जाण ज्या समाजात असते, त्याच्यासाठी प्राण वेचणाऱ्यांना एकटे वाटत नाही.