आठवीच्या उंबरठ्यावर

आमच्या हायस्कूलमध्ये आठवीला आसपासच्या वाड्यांमधली मुले येतात. सातवीपर्यंत ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, ओळखीच्या गुरुजींपाशी शिकलेली असतात. इथे तासागणिक शिक्षक बदलतात आणि घर पाच-सात किलोमीटर मागे राहते. २००९च्या कायद्याने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पण कायदा मुलाला एसटीत बसवून देत नाही.

एका वर्षी एक हुशार मुलगी जुलैत यायची थांबली. घरी गेलो, तर वडील म्हणाले, "तिचं मन लागत नाही." खरे कारण वेगळेच निघाले. एसटी उशिरा पोचायची, पहिला तास अर्धा बुडायचा आणि वर्गासमोर बोलणी बसायची. बोलणारा मीच होतो. मी कधी कारण विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. ती परत आली, पण तीन आठवडे हातचे गेले.

म्हणून पालकांना सांगतो, शाळा सुरू होण्याआधी मुलाबरोबर एकदा त्याच एसटीने या. वर्ग, स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची जागा दाखवा. बसची वेळ वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्याची शाळेत चौकशी करा. जुन्या शाळेचा दाखला घेताना नाव आणि जन्मतारीख नीट वाचा. पुढे दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

आणि पहिले दोन महिने मार्कांचे राहू द्या. संध्याकाळी एवढेच विचारा, "आज शेजारी कोण बसलं होतं?" उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी शाळेत या.