उजनीचं वजन



बारामती-इंदापूरकडे गळीत हंगाम लागला की उसाची वाहनं काट्यावर येतात. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी. काटा मोजतो ती पृथ्वीची उसावरची ओढ. पण जे काट्यावर चढवताच येत नाही, ते कसं मोजायचं?

त्याचं उत्तर न्यूटनच्या नियमात आहे. वस्तुमान वाढलं की ओढ वाढते. अंतर दुप्पट झालं की ती चौथाईवर येते. ओढ, अंतर, ओढल्या जाणाऱ्या वस्तूचं वस्तुमान आणि गुरुत्वस्थिरांक ठाऊक असले, की ओढणाऱ्याचं वस्तुमान निघतं. हेन्री कॅव्हेंडिशनं १७९८ साली तारेला टांगलेल्या दांडीवरचे छोटे गोळे शिशाच्या मोठ्या गोळ्यांकडे किती ओढले जातात ते मोजलं. मोठा गोळा सुमारे १५८ किलोचा, आणि ओढ वाळूच्या कणाच्या वजनाएवढी! त्यावरून त्यानं पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट काढली. आजचा आकडा ५.५१ आहे. मला हा प्रयोग विज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो.

आता आपलं उजनी धरण घ्या. काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी, म्हणजे सुमारे ३३१ कोटी टन पाणी. तेही आपल्याला ओढतं, फक्त जाणवत नाही. २००२ साली अवकाशात गेलेल्या ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतरानं एकामागून एक फिरत. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जाई आणि दोघांतलं अंतर किंचित बदले. त्या बदलावरून २००९ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की राजस्थान, पंजाब, हरियाणातून सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. तेहतीस भरलेल्या उजनी!

मग बारामती-इंदापूरचं भूजलही असंच मोजता येईल? नाही. अशा उपग्रहांना शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्र दिसतो, दोन तालुके वेगळे काढता येत नाहीत. ओढ मोजणारं जमिनीवरचं उपकरण वापरलं तरी आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आड येतो. भूगर्भात सलग एक मीटर पाण्याचा थर वाढला, तर ओढ सुमारे दोन कोटी तीस लाखांत एक भाग वाढते. पण झिजलेल्या बेसॉल्टमधून मिळणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या शेकडा दोनच्या आसपास. विहीर मीटरभर उतरली तर प्रत्यक्षात दोन सेंटिमीटरचाच थर गेलेला असतो. म्हणून इथं विहिरीत टेप सोडून, पावसाळ्याआधी आणि नंतर, पातळी नोंदवायलाच हवी.