डाळीचा डबा आणि पोस्टाचे पुस्तक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'काटकसर आणि स्वावलंबन' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि असे उभे राहून बोलण्याची सवय नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाषण करू नका, तुमची हिशेबाची वही वाचून दाखवा." वही मात्र माझ्याजवळ आहे. एक नव्हे, चांगल्या आठ आहेत. त्यांतले सांगण्यासारखे आहे तेवढे सांगते.

काटकसर म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणाला शिकवावे लागत नाही. उरल्या भाताला फोडणी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, जुन्या लुगड्यांची वाकळ, हे सारे आपण आईच्या घरून शिकून येतो. मग इतकी काटकसर करणाऱ्या बायकांच्या हाती अडल्या वेळी पैसा का नसतो? माझ्या हाती का नव्हता, ते आधी सांगते.

लग्न झाल्यापासून मी दर आठवड्याच्या बाजारातून पाच-दहा रुपये मागे टाकीत असे. ते तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या तळाशी, पिशवीत गुंडाळून ठेवी. घरात कोणाला ठाऊक नव्हते. २०१४ सालच्या उन्हाळ्यात माहेराहून, जत तालुक्यातून, भावाचा फोन आला की आईचे जास्त आहे, लगेच ये. तो दिवस गुरुवार होता. आपल्या इचलकरंजीत मागावरच्या माणसाचा पगार आठवड्याला होतो हे तुम्ही जाणताच. आमचे हे म्हणाले, "शनिवारी पगार झाला की जा." त्यांचे काही चुकले असे नाही. त्यांच्या खिशात खरोखरच नव्हते. डब्यात मात्र नऊ हजारांवर रक्कम होती. ती काढली असती तर कोठून आली हे सांगावे लागले असते. मी दोन दिवस थांबले. रविवारी पोचले तेव्हा आईची वाचा गेली होती. तिने मला ओळखले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

चोरून साठवलेला पैसा वेळेला बाहेर काढता येत नाही, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मिळाला. पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्या. डब्यात तेव्हा साडेअकरा हजार होते आणि जागा कमी लागावी म्हणून मी त्यांच्या मोठ्याच नोटा करून ठेवलेल्या! त्या ३० डिसेंबरपर्यंत खात्यात भरावयाच्या होत्या, आणि माझ्या नावाचे खातेच नव्हते. शेवटी ह्यांना सांगावे लागले. ते रागावले नाहीत. "इतकी वर्षे मला सांगितले नाहीस?" एवढेच म्हणाले. ते ऐकून मला जास्तच लागले. पैसे त्यांच्या खात्यात भरले. पुढचे दोन-तीन महिने रोकड नसल्याने मागाचे काम निम्म्यावर आले आणि ती रक्कम घरभाड्यात व दुकानच्या उधारीत गेली. पैसे बुडाले नाहीत, घरालाच लागले. पण ते माझे राहिले नाहीत.

तिसरा धडा २०१७ सालच्या जूनमधला. नळावर पाणी भरताना मला घेरी आली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. बाईमाणसाला ते निदान बारा असावे लागते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दूध किती घेता? कडधान्य, पालेभाजी, अंडे?" मला उत्तर शोधावे लागले. दूध मुलांना, उसळ डब्याला, अंडे मागावर राबणाऱ्याला. माझ्यासाठी भाकरी आणि खर्डा. माझी बचत इतके दिवस कोठून होत होती, ते त्या दोन प्रश्नांत उघडे पडले. औषधे व इंजेक्शने मिळून सहा हजार दोनशे रुपये झाले. म्हणजे मी काही वाचवले नव्हते. माझ्याच अंगातून उसने काढले होते, आणि ते फेडावे लागले.

घरी आल्यावर मी निश्चय केला की काटकसर करावयाची ती उजेडात, पैसा ठेवावयाचा तो आपल्या नावावर, आणि आपल्या ताटाला हात लावावयाचा नाही.

निश्चय केला खरा, पण घाई केली. एकाच आठवड्यात बिस्किटे बंद, बाहेरचा वडा बंद, गाडी बंद, दुपारचा चहा बंद! तिसऱ्या दिवशी धाकटा शेजारी जाऊन बिस्किटे खाऊन आला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "अगं, दात कोरून कुठे पोट भरते का?" आठव्या दिवशी सगळे पूर्ववत. पी हळद अन् हो गोरी, असे संसारात होत नाही.

मग मी एक वही आणली आणि एक महिना काहीही न बदलता फक्त लिहीत गेले. घरात कोणी काय आणले, कितीचे आणले, एवढेच. महिन्याच्या शेवटी बेरीज केली. मिळकत सुमारे अकरा हजार. पाच-पाच रुपयांच्या पुड्या, म्हणजे शाम्पू, चिप्स, फरसाण, यांचे पाचशे ऐंशी. बाहेरच्या वड्या-भज्यांचे चारशे वीस. दुकानच्या उधारीत प्रत्येक जिनसामागे रुपया-दोन रुपये जास्त. आणि माझ्या स्वतःच्या नावावर महिनाभरात पस्तीस रुपये. ती वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ पस्तीसाच्या आकड्याकडे पाहत राहिले.

तेव्हापासून आमचा नियम असा की तीन महिन्यांत एकच सवय धरावयाची. ती अंगवळणी पडली की दुसरी.

पहिली सवय पुड्यांची. शाम्पूची बाटली आणली, रविवारी घरी चिवडा करून डबा भरून ठेवू लागले. महिन्याचे तीनशे सुटले. दुसरी सवय गॅसची. डाळ अर्धा तास भिजवावयाची, डाळ-भात-बटाटे एकाच कुकरात एकावर एक लावावयाचे, शिटी झाली की आच बारीक, आणि पातेल्यावर झाकण. अडतीस दिवसांत संपणारी टाकी पन्नास दिवस जाऊ लागली. तिसरी विजेची. साठ वॅटचा जुना दिवा रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिटे खातो. नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटाहून थोडे जास्त घेतो. आमच्या घरात असे तीन दिवे होते. हिशेब तुम्हीच करा.

चौथी सवय सर्वांत अवघड, ती उधारीची. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आपण म्हणतो, पण सोडवत नाही. दिवाळीचा बोनस आला तेव्हा आम्ही नवे कपडे फक्त मुलांना घेतले आणि बाकी सगळा बोनस दुकानात देऊन खाते बंद केले. त्या दिवाळीला मी कपाटातलीच साडी नेसले. मंडळाच्या स्नेहसंमेलनालाही तीच नेसून आले होते. कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

पाचवी सवय धान्याची. गरिबाला सर्व काही महाग पडते, कारण तो थोडे-थोडे विकत घेतो. वर्षाचे धान्य भरावे हे सासूबाई सांगत, पण एकदम पैसे कोठून आणावयाचे? म्हणून २०१८ साली तीन महिन्यांची ज्वारी घेतली. तिच्या बचतीतून २०१९ ला सहा महिन्यांची, आणि २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रथमच वर्षाची ज्वारी व तूरडाळ उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवली. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी आली. माग थांबले, पगार थांबला. त्या दिवसांत आमच्या घरी भाजी नसे, पण भाकरी नाही असे एकदाही झाले नाही. दात कोरून पोट भरत नाही हे खरे, पण भरलेली कणगी पोट भरते, हे आमच्या ह्यांनीही मान्य केले.

आता दुसरी बाजू. काटकसरीने सुटलेला पैसा स्वयंपाकघरात ठेवला तर त्याला वाटा फुटतात. या महिन्यात गॅसचे शंभर वाचले, तर ते पाहुण्यांच्या सरबराईत कधी गेले ते कळतही नाही. म्हणून जे सुटेल ते त्याच आठवड्यात घराबाहेर, म्हणजे पोस्टात, पडले पाहिजे. जून २०१८ मध्ये मी माझ्या नावाने पोस्टात बचत खाते आणि महिना तीनशे रुपयांची पाच वर्षांची आवर्त ठेव उघडली. खिडकीवर सही करताना हात कापत होता. पुस्तक घरी आणून देवाजवळ ठेवले, आणि मग ह्यांच्या हातात दिले. लपवावयाचे नाही असे ठरलेच होते. पुढच्या शनिवारी मी न मागता त्यांनी पगारातले पंच्याहत्तर रुपये बाजूला काढून दिले व म्हणाले, "हे पोस्टाचे." त्यानंतर तेही वहीत लिहू लागले. त्यांच्या खर्चात एक ओळ नेहमी असे, 'इतर, साठ'. त्या 'इतर'चा अर्थ मी विचारला नाही. वर्षभरात 'इतर' तिसावर आले.

टाळेबंदीत तीन हप्ते चुकले, ते पुढे भरून काढले. २०२३ च्या पावसाळ्यात ठेव सुटली तेव्हा भरलेल्या अठरा हजारांचे साडेएकवीस हजारांच्या आसपास हाती आले. त्यातून पिको-फॉलचे यंत्र घेतले. आज गल्लीतल्या साड्यांतून महिन्याला साडेतीन हजार सुटतात. लग्नसराईत थोडे जास्त, आषाढात कमी. त्यातले हजार पुन्हा आवर्त ठेवीत आणि पाचशे पीपीएफमध्ये जातात. पीपीएफ पंधरा वर्षांचा असतो, पण वर्षाला निदान पाचशे भरले तरी चालू राहतो. मी म्हातारपणी कोणापुढे हात पसरू नये, त्यासाठी तो आहे.

२०२४ साली लाडकी बहीण योजना निघाली, तेव्हा आपल्यापैकी कितीजणी खाते उघडण्यासाठी रांगेत उभ्या होत्या, ते आठवा. खाते उघडले हे उत्तम झाले. पण पुस्तक कोणाजवळ असते, कार्ड कोणाच्या खिशात असते, हेही पाहा. आणि खात्यावर नामनिर्देशन केले आहे की नाही, हे आज घरी गेल्यावर अवश्य तपासा.

आता कोणी म्हणेल, महिना साडेतीन हजारांत कसले आले स्वावलंबन? घर अजून ह्यांच्याच पगारावर चालते, हे मला माहीत आहे. मी श्रीमंत झाले नाही, होणारही नाही. पण गेल्या वैशाखात भावाचा फोन आला की वहिनीला दवाखान्यात ठेवले आहे. तो बुधवार होता. मी कपाटातून पैसे घेतले, ह्यांना मागावर फोन करून "मी जतला निघाले" एवढे सांगितले, आणि दुपारची एस.टी. धरली. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेवढेच वाचले. संध्याकाळी वहिनीच्या उशाशी होते. ती आता बरी आहे. परतताना खिडकीशी बसून मला आईची फार आठवण झाली.

भगिनींनो, माझे सांगणे थोडके आहे. सगळे एकदम करू नका. एक वही आणा आणि एक महिना नुसते लिहा. त्यात स्वतःच्या नावाची एक ओळ ठेवा, आणि ती ओळ रिकामी दिसली तर काटकसर तेथून सुरू करू नका. दूध, औषध, मुलांची पुस्तके यांना हात लावू नका. आपल्या मंडळाची वर्गणीही त्यातच धरा, म्हणजे खजिनदारबाई माझ्यावर रागावणार नाहीत!

पोस्टाचा अर्ज भरावयास ज्यांना अडचण वाटते त्यांनी कोणत्याही दुपारी माझ्याकडे यावे. दोन ते चार मी यंत्रावर बसलेली असते. बोलता बोलता अर्जही भरून होईल आणि चहाही होईल. दुपारचा चहा मी पुन्हा सुरू केला आहे.