ऊन, वारा आणि एक तार

रेणापूरच्या शिवारांत ऊन विपुल. वाराहि अधूनमधून साथ देतो. मग दोहोंची वीज एकाच तारेंत कां जोडूं नये? अडचण अशी कीं, दोहोंची जात भिन्न. सौर पॅनेलचा प्रवाह एकदिश. ढग आला कीं तो ओसरतो. लहान पवनचक्कीचा प्रवाह बहुधा प्रत्यावर्ती, आणि वाऱ्यासरशी त्याची आवर्तनें बदलणारीं. असमान बैल एका जुवाखालीं जुंपावेत, तशी गत व्हावयाची.

यासाठीं परिवर्तक लागतो. तो दोन्ही प्रवाह प्रथम एकदिश करून एका दाबावर आणतो व एकत्र करतो. उरलेली वीज बॅटरींत साठते. घराला लागणारी २३० व्होल्टची, सेकंदास ५० आवर्तनांची वीज इन्व्हर्टर घडवितो.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. महावितरणच्या तारेस जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर, तारेंतील वीज जातांच स्वतःहि थांबतो. "ऊन कडक, तरी पंखा बंद कां?" अशी कुरकुर होते. परंतु खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्या थांबण्यावर अवलंबून असतो. तेव्हांहि वीज हवीच असेल, तर बॅटरीबरोबर घर तारेपासून आपोआप विलग करणारी योजना जाणकाराकडूनच करवून घ्यावी. आपल्या पंख्यासाठीं दुसऱ्याच्या घरचा दिवा विझूं नये.