सातवी कथा

छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर गोदावरीच्या तीरी पैठण वसले आहे. आज त्या गावाचे नाव निघताच नाथमहाराज आठवतात, पैठणी आठवते. परंतु हेच गाव प्रतिष्ठान या नावाने सातवाहनांची राजधानी असता तेथे एका ग्रंथाचा जो मोठा अनादर झाला असे सांगतात, त्याची हकीकत फार थोड्या घरांतून ठाऊक असेल.

हल्ली शहरांतील मुलेमुली चेटकिणींच्या प्रेमकथांचे जाडजूड इंग्रजी खंड एकामागून एक वाचून काढतात, आणि अखेरचा खंड केव्हा निघतो म्हणून डोळे लावून बसतात. वडील मंडळी नाक मुरडतात. नाक मुरडण्याची ही रीत आजची नव्हे. मंत्रबळाने आकाशात संचार करणाऱ्या तरुणी, रूप पालटणाऱ्या मायाविनी आणि त्यांच्या प्रेमात गुरफटलेला राजपुत्र, अशी एक कथा प्रतिष्ठानच्या राजापुढे आली होती. ती सात कथांच्या मालेतील शेवटची. त्या सातांतून तेवढीच वाचली.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने आपल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी ती हकीकत दिली आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी थकून गेली व ‘आता उदकाने मारू नका’ अशा अर्थाचे संस्कृत बोलली. राजास संधी फोडता आला नाही. त्याने ‘मोदक’ तेवढे ऐकले व तत्काळ मोदक आणविले! राण्या हसल्या. राजाने लज्जेने अंथरूण धरले. तेव्हा गुणाढ्य पंडित म्हणाला की, व्याकरणास बारा वर्षे लागतात, पण महाराजांस सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. हे घडले तर संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी गुणाढ्याने प्रतिज्ञा केली, आणि तो हरला. शर्ववर्म्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याचे सुटसुटीत ‘कातंत्र’ व्याकरण पुढे काश्मिरात आणि बंगालात शतकानुशतके चालले. अवघड विषय सोपा करणारा शिक्षक कोणास नको असतो? परंतु एकाच्या यशाने दुसऱ्याची वाचा गेली, हेही खरे.

मुका झालेला गुणाढ्य विंध्यारण्यात गेला. तेथे काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने विद्याधरांच्या सात कथा ऐकल्या आणि जी एकच भाषा आता त्याला मोकळी होती, त्या पैशाचीत त्या लिहून काढल्या. सात वर्षे, सात लक्ष श्लोक. अरण्यात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिले. गुणदेव आणि नंदिदेव हे दोघे शिष्य पोथी घेऊन राजाकडे गेले. राजाने पोथी नुसती पाहिली. भाषा पिशाचांची, विस्तार एवढा आणि अक्षरे रक्ताची! त्याने ती परत पाठविली. काही वर्षांपूर्वीपर्यंत मोदक आणि उदक यांतील भेद न कळणाऱ्यास नवशिक्या विद्येचा ताठा चढला होता, दुसरे काय?

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. हरणे, रानडुकरे, रेडे भोवती जमून चरणे विसरली व अश्रू ढाळीत ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटात मांस शुष्क येऊ लागले, राजा आजारी पडला, आणि चौकशी होता होता व्याधांनी त्याला त्या टेकडीवर नेले. तो पोहोचेपर्यंत सहा कथा जळाल्या होत्या. एक लक्ष श्लोकांची नरवाहनदत्ताची कथा मात्र शिल्लक होती. कारण ती त्या दोन शिष्यांना फार आवडे, आणि त्यांच्यासाठी गुरूने ती बाजूस ठेवली होती. ती ना राजाच्या पारखीने वाचली, ना पंडितांच्या शिफारशीने.

पुढे राजा त्याच शिष्यांजवळ बसून ती कथा शिकला, आणि तिची प्रस्तावना त्याने त्याच पिशाचभाषेत लिहिली, असे सोमदेव सांगतो.

हा सारा वृत्तान्त इतिहास म्हणून घेता येणार नाही. परंतु ‘बृहत्कथा’ नावाचा ग्रंथ खरोखर होता. दंडी आणि बाणभट्ट तिचा आदराने उल्लेख करतात, आणि हेमचंद्राने आपल्या व्याकरणात पैशाचीचे नियम दिले आहेत. म्हणजे ती पिशाचांची बडबड नसून प्राकृताचाच एक प्रकार होय. आणखी गंमत अशी की, ज्या घराण्याच्या राजाने ती झिडकारली, त्याच सातवाहन घराण्यातील हालाने प्राकृत गाथांची ‘सप्तशती’ संकलित केली, असे परंपरा मानते.

आता त्या कथेतील मायाविनींविषयी. कौशांबीच्या उदयनाचा पुत्र नरवाहनदत्त. त्याची प्रिया मदनमंचुका मानसवेग नावाचा विद्याधर पळवितो. मानसवेगाची बहीण वेगवती हिचे मन मात्र राजपुत्रावर जडते. ती मदनमंचुकेचे रूप घेऊन त्याच्याशी विवाह करते. झोपेत माया गळते आणि कपट उघडे पडते. पण पुढे तीच भावाचा पक्ष सोडून राजपुत्राला आकाशमार्गे नेते आणि त्याच्यासाठी सख्ख्या भावाशी लढते. हिला दुष्ट म्हणावे की साध्वी? कथा सांगत नाही. तेच कालरात्रीचे. भुवया जुळलेली, दात वेडेवाकडे अशी ही गुरुपत्नी पतीच्या शिष्यावर, सुंदरकावर, भाळते आणि नकार मिळताच त्याच्यावर आळ घेते. रात्री गोठाच्या गोठा उडवून ती उज्जयिनीस जाते. गोठ्यात लपलेल्या सुंदरकाला उडण्याचा मंत्र साधतो, उतरण्याचा काही केल्या ध्यानी राहत नाही! अखेर राजा तिला दरबारात बोलावतो. ती निर्भयपणे सारे कबूल करते आणि शिक्षा होण्यापूर्वीच अंतर्धान पावते. अंतर्धान पावणे कथेतच शक्य असते. नंदुरबारकडील डोंगराळ भागांत ‘डाकीण’ ठरविलेल्या बायांना ते साधले नाही. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो अशाच अघोरी प्रकारांस आळा घालण्यासाठी.

मूळ पैशाची ग्रंथ आज कोठेही उपलब्ध नाही. काश्मीरची राणी सूर्यमती हिच्या मनाला विरंगुळा म्हणून सोमदेवाने रचलेल्या संस्कृत सागरात 18 लंबक, 124 तरंग आणि एकवीस हजारांवर श्लोक आहेत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो 1889 साली प्रसिद्ध केला. त्याच सागरात वेताळाच्या पंचवीस कथाही येतात. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या पिढ्यांना तो राजा उज्जयिनीचा वाटतो. सोमदेवाच्या ग्रंथात त्याचे नाव त्रिविक्रमसेन आहे, आणि तो ज्या नगरातून रात्री प्रेत खांद्यावर आणण्यास निघतो, ते गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे पैठणच.